मनीच्या वाट्याचे काटे-चमचे

दादाने पेटी टेबलावर ठेवायच्या आधी आईने त्याला खालचा वर्तमानपत्राचा कागद काढायला लावला.

"शाई लागते," ती म्हणाली. "हे असते तर ओरडले असते."

"आई, पेटी बंद आहे."

"असू दे बंद. काढ."

दादाने कागद काढला आणि जुनी चादर दुहेरी करून पसरली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमी बसवून त्याच्या हातांना सावकाशपणाची सवय लागली होती. बायको त्याला त्यावरून चिडवायची, की तुम्ही भांडतानासुद्धा समोरच्याचा चष्मा सरळ कराल. त्याने पेटीचं झाकण उघडलं. निळ्या मखमलीत चार माणसांच्या जेवणाचे काटे, चमचे आणि सुऱ्या जशाच्या तशा निजल्या होत्या. प्रत्येकाच्या मुठीवर एक हंस आणि त्याच्या पायाशी जहाजाचा नांगर. लग्नात बाबांनी ही पेटी हातात दिली, त्यानंतर यातला एकही चमचा कुणाच्या तोंडात गेला नव्हता.

बाबांच्या उमेदीची सगळी वर्षं एका प्रवासी जहाजावर गेली. पहिल्या वर्गाच्या जेवणघरात ते मुख्य वाढपी होते. पांढरे हातमोजे, ताठ मान, आणि कुणाला काय हवंय ते त्याने मागायच्या आत ओळखणारी नजर. घरी आले तरी मान तशीच राहायची, म्हणून आई त्यांना रागाने 'कप्तान' म्हणायची आणि मग सगळी गल्लीच म्हणायला लागली. जहाज भंगारात निघालं तेव्हा बाबा तोडणाऱ्यांच्या वखारीत आठवडाभर खेटे घालत होते. शेवटी बारा माणसांच्या टेबलाची ही चांदीच्या मुलाम्याची भांडी खांद्यावर घेऊन आले. बारा माणसांचं टेबल आणि तीन पोरं. ज्याचं लग्न होईल त्याला चौघांचा संच, असं त्यांनी तेव्हाच जाहीर करून टाकलं. दादाला मिळाला. धाकट्या बारक्याला मिळाला. मधल्या मनीचा संच मात्र हिरव्या फडक्यात बांधलेला, अजून आईच्या कपाटाच्या तळाशी होता.

बाबा मागच्या हिवाळ्यात गेले. आणि आता बंदराजवळच्या संग्रहालयाने त्या जहाजाचं जेवणघर पुन्हा उभं करायला घेतलं होतं. खुर्च्या मिळाल्या होत्या, झुंबर मिळालं होतं. एक पूर्ण टेबल मांडायचं होतं आणि त्यासाठी बारा जणांची भांडी एकत्र असलेलं घर त्यांना दुसरीकडे कुठेच सापडत नव्हतं. आपल्याकडे ती आहेत हे दादानेच त्यांना कळवलं होतं. संग्रहालयाच्या बाई दुपारनंतर यायच्या होत्या.

"टेबलाशेजारी पाटी लावणार आहेत," दादा म्हणाला. "बाबांच्या नावाची. कायमची."

आई कपाटाच्या दाराकडे पाहत राहिली.

"मनीशी बोललीस तू?" त्याने विचारलं.

"तू बोलणार होतास ना?"

"मी फोन केला होता. म्हणाली, रविवारी येते. मग पुढचं राहिलं."

"पुढचं राहिलं म्हणजे तेवढंच राहिलं की रे," आई म्हणाली. "इकडचं तिकडचं बोललास, आणि जे बोलायचं ते ठेवलंस झाकून."

दादाने रुमालाने एक चमचा पुसला. तो आधीच स्वच्छ होता. त्याला माहीत होतं की मनी आली की काय होणार. काहीही होणार नव्हतं. ती 'हो' म्हणणार होती, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. बाबांनी तिचं नाव टाकलं तेव्हा 'आधी तिने यायला हवं' असं घरात सगळ्यांत मोठ्याने म्हणणारा तोच होता. तेव्हा त्याला ते थोरलेपण वाटलं होतं.

*

बारक्या आला तो किराणा दुकानाची पिशवी हलवत. पिशवी खणखणत होती.

"हे काय?" दादाने विचारलं.

"माझे चार." बारक्याने पिशवी चादरीवर पालथी केली. काटे, चमचे, सुऱ्या गडगडत बाहेर आल्या. एका काट्याचा दात बाहेर वळला होता. दोन सुऱ्यांवरचा हंस झिजून बदकासारखा दिसत होता. एका चमच्याचा मुलामा उडून आतलं पितळ डोकावत होतं.

दादाने तो काटा दिव्याखाली धरला. "याचं काय केलंस?"

"जेवलो."

"जेवून हे असं होतं?"

"धाकटीने डबा उघडला त्याने एकदा. घट्ट बसला होता." बारक्या खुर्ची ओढून बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या डब्यात अडकलेल्या लोकांना बाहेरून धीर देत देत त्याच्या आवाजाला एक कायमचा निवांतपणा आला होता. "आणि दादा, आपल्या घराचं ब्रीद काय? मोडेन पण वाकणार नाही. माझे निदान वाकले तरी."

वहिनीला हसू आलं. दादाने तिच्याकडे पाहिलं तशी ती चहा ठेवायला आत गेली.

तेवढ्यात मनी आली. इस्पितळातून तशीच आली होती. एक्स-रेच्या खोलीत दिवसभर 'श्वास रोखा, सोडा' म्हणत असायची, पण घरात मात्र लहानपणापासून मांजरीसारखी आवाज न करता वावरायची. तिचं हे नाव त्यावरूनच पडलं होतं. तिने टेबलावरची पेटी पाहिली, पिशवी पाहिली, आणि आईशेजारी जाऊन बसली.

दादाने सगळं नीट सांगितलं. जेवणघर, टेबल, पाटी. शेवटी म्हणाला, "बारा जणांचं पूर्ण हवंय त्यांना. म्हणजे माझे, याचे, आणि… कपाटातले."

"द्या की मग," मनी म्हणाली. "मला कशाला विचारता?"

"बघ, ती म्हणाली," दादा बारक्याकडे वळला.

"ती म्हणणारच!" बारक्याचा निवांतपणा पहिल्यांदा सुटला. "तिचे तिला द्यायचे की नाही हे आधी ठरवा. संग्रहालय गेलं उडत. आपण दोघांनी आपापले वापरले, तू बघायला, मी जेवायला. हिला काय मिळालं? कपाट!"

"मी कुठे नाही म्हणतोय? पण बाबांनी दिले नव्हते तिला. आता आपण त्यांच्या मागे—"

"अहो, दिले नव्हते म्हणजे काय?" वहिनी दारातून म्हणाली. दादाने चमकून मागे पाहिलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सासरच्या भांडणात ती आज पहिल्यांदा पडत होती. "वेगळ्या फडक्यात बांधून ठेवले होते ना? दुसऱ्या कुणासाठी बांधले असतील ते?"

बारक्या टेबलावर बोटांनी ताल धरत होता. आता बोटं थांबली. त्याला ते हिरवं फडकं ओळखीचं होतं. तो अजून या घरात राहत होता तेव्हा एकदा कामाला निघताना बाबांनी त्याला दारात अडवलं होतं. हातात हेच गाठोडं होतं. 'जाता जाता मनीकडे टाक,' ते म्हणाले होते, कपडे धुवायला टाक म्हणावं तसं. आणि तो म्हणाला होता, 'तुम्हीच जा की. मी काय पोस्टमन आहे?' त्याला वाटलं होतं आपण शहाणपणा केला. बापाने स्वतः गेलं पाहिजे, तरच त्याला अर्थ आहे. शहाणपणाच होता तो. पण त्या दिवशी गाठोडं घेऊन गेला असता, तर बहिणीच्या घरचा दरवाजा पंधरा वर्षं आधी उघडला असता. अडकलेली लिफ्ट वरून खेचायची की खालून ढकलायची यावर तो कधी वाद घालत बसत नसे. आधी माणूस बाहेर काढायचा.

"मला दिलं होतं ते बाबांनी," तो हळूच म्हणाला. "ताईकडे पोचव म्हणून. मी नाही नेलं."



"म्हणून तर हे स्वतः गेले," आई म्हणाली.

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"कुठे गेले?" दादाने विचारलं.

"मनीकडे. हिची पोरगी झाली होती तेव्हा. इस्त्रीचा सदरा घातला, बूट पुसले. जहाजावर जाताना पुसायचे तसे." आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तासाभरात परत आले, गाठोडं काखेत तसंच. म्हणाले, घरी कुणी नव्हतं."

"मग दुसऱ्या दिवशी जायचं!" बारक्या म्हणाला. "शेजाऱ्यांकडे ठेवायचं! ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हणजे… आई, हे तर खरोखरीचंच भांडं होतं!"

एरवी या विनोदावर सगळे हसले असते. मनी उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

दाराची घंटा वाजली. संग्रहालयाच्या बाई आल्या होत्या. दादाने त्यांना बसवलं, पंखा वाढवला. त्यांनी पिशवीतून सुती हातमोजे काढले आणि सगळ्यात आधी बारक्याचा वाकडा काटा उचलला. दादा घाईघाईने सांगायला लागला की तो अपघाताने वाकलाय.

"असू दे हो," बाई म्हणाल्या. "यावर कुणीतरी पोटभर जेवलंय. जहाजावर काय नुसते बघायला ठेवले होते? हा मी पहिल्या खुर्चीसमोर मांडेन."

बारक्याने दादाकडे पाहिलं नाही, हेच त्याचं मोठेपण.

आतमध्ये मनी गॅसच्या ओट्याला टेकून उभी होती. चहा उकळून वर येत होता. तिने हात लांब करून आच कमी केली. वडिलांना ती याच स्वयंपाकघरातून सूप नेऊन भरवायची. शेवटच्या वर्षी त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेल्यापासून रोज संध्याकाळी ती कामावरून सरळ इथे यायची. स्टीलचा साधा चमचा, गळ्याशी नॅपकिन. बाबा तोंड उघडायच्या आधी म्हणायचे, 'उजवीकडून वाढतात का कधी? डावीकडून ये.' ती खुर्ची उचलून डावीकडे जायची. तिचा नवराही यायचा, बोटीवरच्या पाळीतून सुटला की, हाताला इंजिनच्या तेलाचा वास घेऊन. बाबांना उचलून न्हाणीघरात न्यायला तोच लागायचा. इंजिनखोलीतल्या ज्या माणसाशी लग्न केलं म्हणून त्यांनी मुलीचं तोंड पाहिलं नव्हतं, त्याच्याच मानेत हात घालून ते उठायचे. 'अहो, सावकाश,' म्हणायचे. सगळं वर्ष ते औषधांबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, वाढायच्या पद्धतीबद्दल तर रोजच. ते गाठोडं पलंगापासून हाताच्या अंतरावर होतं, आणि त्याबद्दल ना त्यांनी शब्द काढला, ना तिने.

आई आत आली आणि दार लोटून घेतलं.

"रडतेस?"

"नाही."

"बाहेर बाई आल्यात. तुझ्या मनात नसेल तर नको देऊ. दादाला मी बघते."

"आई," मनी म्हणाली, "बाबा आले त्या दिवशी मी घरी होते."

आईने चहा गाळायला भांडं उचललं होतं. ते तिने परत खाली ठेवलं.

"खिडकीत होते. पोरगी खांद्यावर होती, झोपवत होते तिला. खाली पाहिलं तर समोरच्या फुटपाथवर बाबा. मला वाटलं, येतील. मी केस नीट केले. खोली आवरली, पोरीचे लंगोट दोरीवरून काढले. पुन्हा येऊन पाहिलं तर तिथेच उभे. मग माझंच मन फिरलं. म्हटलं, मी का खाली जाऊ? माझं काय चुकलं? तीन जिने आहेत, चढू देत की. इतके लोकांना वाढत फिरले आयुष्यभर, लेकीसाठी तीन जिने नाही चढता येत?" तिने गॅस बंद केला. "मी पडद्याच्या आड गेले. त्यांना दिसू नये म्हणून. आणि नंतर पाहिलं तर नव्हते."

आई ओट्याचा आधार घेऊन उभी राहिली. बाहेर बाई काहीतरी विचारत होत्या आणि दादा उत्तर देत होता, जरा जास्तच मोठ्याने.

"त्यांनी पाहिलं होतं तुला," आई म्हणाली.

"काय?"

"घरी कुणी नव्हतं हे नुसतं म्हणायला. इतकी वर्षं संसार केला, मला कळत नव्हतं का? रात्री जेवता जेवता थांबले. म्हणाले, 'पोरीला केस नाहीत गं अजून. चांगलं गुळगुळीत टक्कल आहे.' एवढंच. आणि हसले. मग गाठोडं कपाटात टाकलं."

मनीने तोंडावर हात दाबला. तिच्या मुलीला खरंच वर्षभर केस आले नव्हते. नवरा तिला 'बल्ब' म्हणायचा.

"ते वाट बघत होते, तू खाली येशील म्हणून," आई म्हणाली. "खिडकीत दिसलीस ना, म्हणून थांबले तेवढा वेळ. नाहीतर केव्हाच मागे फिरले असते."

"आणि तू? तुला माहीत होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

"ह्यांनी सांगितलं होतं, बोललीस तर बघ." आईने मान हलवली. "नाही गं. ते ओरडायचे, पण मी कुठे इतकं ऐकायचे त्यांचं? मला वाटलं, एक ना एक दिवस तुम्हीच बोलाल. मग ह्यांचा हात गेला आणि तू रोज यायला लागलीस, भरवायला लागलीस. म्हटलं, आता सगळं बरं चाललंय, उगाच कशाला उकरायचं? मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. मी मुद्दाम तुम्हा दोघांना सोडून बाल्कनीत जाऊन बसायचे. आणि आतून काय ऐकू यायचं? 'डावीकडून ये.'"

मनी हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. आईने तिला जवळ घेतलं नाही. त्या घरात ती पद्धत कधी नव्हती. तिने फक्त तिच्या दंडावर हात ठेवला आणि चहा निवेपर्यंत तसाच राहू दिला.

*

दोघी बाहेर आल्या तेव्हा आईच्या हातात हिरवं गाठोडं होतं. तिने ते टेबलावर, मनीच्या समोर ठेवलं.

दादा उठून उभा राहिला. लोटलेल्या दारातून त्याने काय ऐकलं आणि काय नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. पण त्याचा चष्मा त्याच्या हातात होता आणि तो उगाचच काचा पुसत होता.

"बाई," तो म्हणाला, "आठ जणांचं टेबल मांडता येईल का? माझे चार आणि याचे चार. हे माझ्या बहिणीचे आहेत. ती घरी नेईल."

"अहो, पण पाटी?" वहिनीने विचारलं.

"राहू दे पाटी." त्याने चष्मा घातला. "मने, मी मघाशी बोललो ते मनावर घेऊ नकोस. आणि आधीही जे बोललो होतो, ते. घेऊन जा. वापर. बारक्यासारखे वाकव हवं तर."

बाई सभ्यपणे म्हणाल्या, "आठांचंही छान दिसेल. तुम्ही निवांत ठरवा."

मनीने गाठ सोडली. फडक्याच्या आत आणखी एक मऊ कापड होतं आणि त्यात चौघांचे काटे-चमचे एकाला एक लागून ठेवले होते. सुऱ्यांची धार आतल्या बाजूला. हे बाबांनीच केलेलं होतं. दुसऱ्या कुणाला असं बांधताच आलं नसतं. तिने एक चमचा हातात घेतला. तो तिला वाटला होता त्यापेक्षा जड होता. हंसाची मान, नांगराची साखळी, सगळं अगदी कोरं. ज्या वर्षी तो चमचा तिच्या घरी यायला निघाला, त्या वर्षीची मुलगी आता तिच्या खांद्याच्याही वर पोचली होती.

तिने तो चमचा होता तसा परत ठेवला.

"यांच्यात घाला, बाई," ती म्हणाली.

"ताई!" बारक्या खुर्चीवरून उठला. "अगं, तुझे आहेत ते!"

"नाहीत रे. माझ्यासाठी आणले होते, पण माझे झाले नाहीत. द्यायला आलेला माणूस खाली उभा राहिला आणि घेणारी वर." तिने फडक्याची चारही टोकं नीट पसरली. "आज आपण सगळ्यांनी मिळून दिले, म्हणजे बाबांनी दिले असं नाही होत. घरी नेले तर मी रोज हेच बघत बसेन. तिकडे निदान मांडलेले राहतील. मांडायचीच भांडी आहेत ती."

"हिरवं फडकं तरी ठेव," आई म्हणाली.

"हो. ते दे मला."

दादाला हवं होतं तेच झालं होतं. तरी त्याने बाईंना पेटी उचलू लागायला जरा उशीरच केला. बाईंनी एकेक संच मऊ कागदात गुंडाळला. बारक्याचे वाकडे काटे, दादाचे लखलखीत चमचे आणि मनीचे, ज्यांना कुणी हात लावला नव्हता, असे सगळे एकाच खोक्यात एकावर एक गेले. आता कोणते कुणाचे ते बाहेरून ओळखू आलं नसतं. वहिनीने चहा दिला. तो गार झाला होता, पण कुणी तसं म्हटलं नाही.

"उद्घाटनाला सगळ्यांनी यायचं हं," बाई निघताना म्हणाल्या. मनीला त्या विशेष आग्रहाने म्हणाल्या, "तुम्ही तर नक्की या. बारा खुर्च्या, झुंबर, सगळं मांडलेलं असेल. फक्त टेबलाभोवती दोरी असते, आत जाता येत नाही. तेवढं लांबून बघावं लागेल."

"चालेल," मनी म्हणाली. "लांबून बघायची सवय आहे आम्हाला."

बाईंना वाटलं ती थट्टा करतेय, म्हणून त्या हसल्या. घरातलं दुसरं कुणी हसलं नाही.